उकंडरावांचे अकरा अर्ज

ज्या माणसाने आमच्या चर्चविरुद्ध अकरा वेळा सरकारात अर्ज केला, त्याचेच उपकार मी आज लिहायला बसले आहे. हे ऐकून माझी नातवंडं हसतात. हसू देत. मी सत्तरी ओलांडली आहे, चाळीस वर्षं शाळेत मुलांना शिकवलं आहे, आणि कुणाचे उपकार मानायचे हे मला आता कुणी शिकवायची गरज नाही.

धाडहून बुलढाण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. माझे वडील मोतीराम तिथल्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. मंडळी म्हणजे उणीपुरी अठ्ठावीस घरं. कोणी सालदार, कोणी गवंडी, दोघे-तिघे शाळामास्तर. चर्च म्हणजे दगडी भिंती आणि वर कवेलूंचं छप्पर. आवारात दोन कडुलिंब, एक गोड्या पाण्याची विहीर आणि भोवती शेराच्या झुडपांचं कुंपण. ही जागा मिशनने माझ्या आजोबांच्या काळात गावच्या देशमुखांकडून विकत घेतली होती. मिशनच्या मडम एकसष्ट साली आपल्या देशी परत गेल्या तेव्हा किल्ली वडिलांच्या हाती देऊन गेल्या. जागेचा कागद मात्र मिशनच्याच नावावर राहिला, आणि त्याचं काही करावं लागतं हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

कुंपणापलीकडे उकंडरावांचं शेत. आधीची चार भावंडं जगली नाहीत म्हणून जन्मल्याबरोबर त्यांना उकिरड्यावर ठेवून मग घरात आणलं होतं. आमच्याकडे अशा मुलाचं नाव उकंडा ठेवतात. मूल नकोसं आहे असं मृत्यूला वाटावं आणि त्याने पुढे जावं, हा त्यातला हेतू. उकंडराव मोठे झाले, सहा फूट वाढले, आणि मृत्यूच काय, तलाठीही त्यांच्या वाटेला जाताना विचार करायचा. वांगी, मेथी, कोथिंबीर लावायचे आणि धाडच्या बाजारात बसून विकायचे. गिऱ्हाइकाने वांगं दाबून पाहिलं की ते परत टोपलीत ठेवायचे आणि म्हणायचे, "तुले विकत नाही. जाय."

त्यांचं आमच्याशी एकच भांडण होतं. शेराचं कुंपण त्यांच्या धुऱ्यात, म्हणजे बांधात, दोन हात आत सरकलं आहे, असं त्यांचं म्हणणं. वडिलांचं म्हणणं, कुंपण मडमच्याही आधीचं आहे, आहे तिथेच आहे. छप्पन सालच्या उन्हाळ्यात उकंडराव पहिल्यांदा बुलढाण्याला गेले, कचेरीबाहेर झाडाखाली बसणाऱ्या अर्जनवीसाकडून अर्ज लिहून घेतला, दाखल केला आणि पोचेचा शिक्का मारलेली नक्कल घेऊन आले. मग हा त्यांचा दरवर्षीचा नेमच झाला. दिवाळी झाली, वांग्याला भाव आला की उकंडराव धोतर धुऊन बुलढाण्याला निघायचे. उत्तर कधी आलं नाही. पण दरवर्षी काहीतरी नवं लिहिल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही, म्हणून दोन हातांच्या जोडीला इतर तक्रारीही येऊ लागल्या. दर रविवारी पेटी आणि ढोलकी वाजवल्याने अर्जदाराचे बैल बिथरतात. नाताळात मुलं कंदील बांधायला कडुलिंबावर चढतात आणि अर्जदाराच्या वांग्यात पडतात. वांग्यात पडणाऱ्यांत मीही एकदा होते. त्यांनी मला दंडाला धरून उभं केलं, खरचटलंय का ते पाहिलं, आणि तुटलेली तीन रोपं माझ्या हातात देऊन म्हणाले, "जाय, तुह्या बापाले दाखव."

आमच्या घरात त्यांचं नाव निघालं की आई कपाळाला हात लावायची. वडील चिडत नसत. ते फक्त दर शुक्रवारच्या प्रार्थनेत "आमच्या कठीण शेजाऱ्याचं मन मऊ कर" असं म्हणायचे. अकरा वर्षं म्हणत होते. कुंपण एकदा मोजून पाहावं, हे मात्र त्यांना एकदाही सुचलं नाही.

दुसरी चूक तर केवळ माझ्या वडिलांनाच शोभावी अशी होती. तलाठी दरवर्षी पिकांची नोंद करत शेतोशेत फिरायचा. आमच्या कुंपणाशी उभा राहून विचारायचा, "पाळकसाहेब, यंदा काय पेरलं?" आणि वडील ताठ मानेने सांगायचे, "काही नाही. ही देवाची जागा आहे. इथे आम्ही काही पेरत नाही." मंडळीतल्या गरीब बायका कुंपणाच्या कडेने चार ओळी तूर लावू द्या म्हणून विनवायच्या, तर त्यांनाही नकार. देवाच्या आवारात पोटाचं काम नको, असा त्यांचा कडक बाणा. तलाठ्याने वर्षानुवर्षं वहीत लिहिलं: पडीत. चर्च आहे हे त्याला डोळ्यांनी दिसत होतं, पण वहीत पीक लिहायचं होतं, चर्च नव्हे. वडिलांनी ती वही कधी पाहिली नाही.

सहासष्टच्या पावसाळ्यानंतर महसुलाचे एक नवे साहेब आले. त्यांचं नाव मी लिहीत नाही, ते आता हयात नाहीत. गावात धान्याचं गोदाम बांधायचं होतं, रस्त्याकडेला जागा हवी होती आणि साहेबांना वहीत आमची जागा सापडली. कागद मिशनच्या नावावर, मिशन देश सोडून गेलेलं, जमीन बारा वर्षं पडीत. म्हणजे बेवारस. म्हणजे सरकारची. नोटीस आली. वडिलांनी उत्तर दिलं की इथे दर रविवारी उपासना होते. त्यावर साहेब म्हणाले, पुरावा आणा. आता देवाचं गाणं गायल्याची पावती कुठे मिळते?

जानेवारीत चर्चला कुलूप आणि लाखेचं सील लागलं. पहिल्या रविवारी मंडळी रस्त्याकडेला बसली, तर शिपाई येऊन म्हणाला, जमाव करायचा नाही. मग आमच्या अंगणात बसू लागली. वडिलांना सात वेळा कचेरीत बोलावलं. सकाळपासून बाकावर बसवायचं आणि संध्याकाळी सांगायचं, उद्या या. कितीजणांना बाटवलं, त्यांची यादी द्या म्हणाले. पैसे कुठून येतात, परदेशात पत्रं कुणाला लिहिता, असं विचारत राहिले. आमचे पेटी वाजवणारे रामराव मास्तर सरकारी शाळेत होते. चर्चच्या लोकांत दिसलात तर मेळघाटात बदली, असं त्यांच्या कानावर घातलं गेलं. ते यायचे बंद झाले. घरात सहा माणसं खाणारी, मी त्यांना दोष देत नाही. पण पेटीशिवायची ती गाणी मला अजून आठवतात. वडील त्या दोन महिन्यांत म्हातारे झाले. अठ्ठावीस घरांची लग्नं, बाप्तिस्मे, मयतं जिथून झाली ती जागा माझ्या हातून जाणार, हे एकच ते बोलायचे.

फेब्रुवारीत पंचनामा ठरला. पंचांत गावचे पाटील नारायणराव आणि आणखी तिघे होते. पण खरी सही हवी होती ती लगतच्या शेतकऱ्याची. ती सही झाली की प्रकरण पक्कं. आणि लगतचा शेतकरी होता उकंडराव.

साहेब आदल्या आठवड्यात स्वतः त्यांच्या शेतात जाऊन आले होते. ही गोष्ट त्यांच्या बायकोने, कौशल्याबाईंनी, पुढे आईला सांगितली. साहेब म्हणाले होते, गोदामाला अर्धीच जागा लागेल. मागचे आठ गुंठे आणि विहीर भाजीपाल्यासाठी तुमच्याकडे देऊ. उकंडरावांची विहीर होळी झाली की तळ दाखवायची. उन्हाळ्यात त्यांची वांगी आमच्या डोळ्यांदेखत वाळायची. आमच्या विहिरीचं पाणी त्यांनी कधी मागितलं नाही, आणि आम्हीही कधी दिलं नाही. त्यांच्यासाठी ती विहीर म्हणजे काय होती ते शेती करणाऱ्यालाच कळेल.

आई वडिलांना म्हणाली, "एकदा त्याच्या घरी जाऊन पाहा तरी."

"कोणत्या तोंडाने जाऊ, अन्नपूर्णा? अकरा वर्षं त्याच्याशी एक शब्द सरळ बोललो नाही."

"मग झालं. तो तं सहीसाठी पळत येईन."

पंचनाम्याच्या दिवशी सकाळी दहाला सगळे कडुलिंबाखाली जमले. साहेबांसाठी शाळेतून खुर्ची आणली होती. आम्ही कुंपणाबाहेर उभे होतो. वडिलांच्या हातात शुभवर्तमानाचं पुस्तक होतं, पण ते उघडलेलं नव्हतं. चार पंचांनी सह्या केल्या. नारायणराव पाटलांनी तर मान वर न करताच केली. उकंडराव सर्वांत शेवटी आले, हातात खुरपं तसंच. त्यांनी लेखणी घेतली आणि म्हणाले, "काय लिवलं ते वाचा."

तलाठ्याने वाचलं, "सदर जागा गेली बारा वर्षे पडीत असून तेथे कोणाचीही वहिवाट अगर वावर नाही."

"पुन्हा वाचा."

तलाठ्याने पुन्हा वाचलं. उकंडरावांनी लेखणी खाली ठेवली.

"साहेब, इथं कोनीच नव्हतं तं मी अकरा वर्सं कोनाशी भांडून राह्यलो? भुताशी?"

लोक हसले. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "उकंडराव, ते शेजाऱ्या-शेजाऱ्यांचं असतं. हे सरकारी काम आहे. तुमचा फायदा आहे यात, समजून घ्या."

"मले माहे दोन हात पाह्यजेत. आठ गुंठे मागतले कोनं?"

"दोन हात मागून आठ गुंठे मिळतायत, तर नको म्हणता?"

"हाव. नको म्हनतो. अन् माह्या अर्जाचं काय झालं ते आधी सांगा. अकरा अर्ज देल्ले म्या. तुमच्याच कचेरीचा शिक्का हाये त्यावर."

साहेबांचा चेहरा बदललेला मला दिसला. तेव्हा मी तेरा वर्षांची होते, पण मोठ्या माणसाची पंचाईत ओळखायला तेवढं वय पुरतं. त्यांनी कागद गोळा करायला सांगितले आणि म्हणाले, सही नसली तरी चालेल. पण ती नसल्याने अडणार हे सगळ्यांनाच कळलं होतं. उकंडराव खुरपं घेऊन आमच्यासमोरून गेले. वडील पुढे झाले, हात जोडले. उकंडरावांनी त्या हातांकडे पाहिलंही नाही. "तारीख कधी हाये बुलढान्याले? येतो मी. माहे कागद घेऊन येतो," म्हणाले, आणि गेले. आई तिथेच मातीत बसून रडायला लागली.

सुनावणी एप्रिलात बुलढाण्याला झाली, त्या साहेबांच्या वरच्या अधिकाऱ्यापुढे. वडिलांबरोबर मी गेले होते, कारण आई तापाने पडली होती आणि वडिलांना एकट्याने जाववत नव्हतं. एसटीत उकंडराव आमच्या पुढच्या बाकावर बसले होते. मांडीवर पत्र्याचा डबा. त्यांना वाटत होतं, आपण आपल्या दोन हातांसाठी चाललो आहोत. आम्ही त्यांच्याच गाडीत बसलो, एवढंच.

अधिकारी वयस्क, शांत गृहस्थ होते. उकंडरावांनी डबा उघडून अकरा नकला टेबलावर एकीखाली एक मांडल्या. पहिलीवर मध्य प्रदेशाचा शिक्का, मग मुंबई राज्याचे, मग महाराष्ट्राचे. राज्यं तीन झाली, उकंडरावांचे हात दोनचे दोनच राहिले. अधिकाऱ्यांनी चष्मा लावला आणि एकेक वाचायला घेतला. बैल बिथरतात तिथे आले तेव्हा त्यांना हसू आवरेना.

"हे दर रविवारी वाजवतात?"

"दर रईवारी, साहेब."

"मध्ये बंद नव्हतं? मडम गेल्यानंतर वर्ष-दोन वर्षं?"

"बंद?" उकंडराव खरोखरच रागावले. "बासट सालच्या पुरात नदी घरात घुसली होती, तवाही ह्ये गाऊन राह्यले होते. एक रईवार सुटला असता तं माह्या बैलायले सुख लागलं असतं!"

मी वडिलांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती आणि त्यांचे खांदे हलत होते. ते हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही. अधिकाऱ्यांनी लेखनिकाला लिहून घ्यायला सांगितलं की अर्जदार हा चर्चचा विरोधक असल्याने त्याची साक्ष विश्वासार्ह धरावी. पंधरा दिवसांत हुकूम आला. वहिवाट अखंड, जागा मंडळीच्या ताब्यात ठेवावी, कुलूप काढावं. आणि शेवटी एक ओळ: लगतच्या शेतकऱ्याचा धुऱ्याबाबतचा अर्ज अकरा वर्षे प्रलंबित असल्याने हद्दीची मोजणी तातडीने करावी.

ह्या सगळ्याची किंमत उकंडरावांनी मोजली. स्वतःची विहीर खोल करण्याची त्यांची परवानगी पुढची दोन वर्षं कुठल्या तरी टेबलावर अडकून पडली. कोणत्या साहेबांच्या टेबलावर, ते सांगायला नको. ते दोन उन्हाळे त्यांनी आमच्या विहिरीवर मोट धरली. वडील स्वतः बोलवायला गेले होते, पण उकंडराव दुसऱ्यांदा बोलावल्यावर आले, आणि आले तेही आधी विहिरीतला गाळ काढून मग. ते आणखी सतरा वर्षं जगले. शेवटपर्यंत गिऱ्हाइकांशी भांडले. मी शिक्षिका झाले तेव्हा माझ्या पहिल्या नोकरीच्या गावी त्यांनी मुलाच्या हाती मेथीच्या जुड्यांचं गाठोडं पाठवलं होतं आणि निरोप दिला होता की ती वांग्यात पडणारी पोरगी आता पोरांना काय शिकवणार. त्या जुड्या निवडताना मी खूप रडले होते.

पण मला सांगायचं आहे ते हुकूम आला त्या वर्षीच्या मे महिन्यातलं. मोजणीवाले साखळी घेऊन आले. सबंध मंडळी जमली होती. चर्च उघडलं होतं, आमचा देव आमच्या बाजूने होता, आणि खरं सांगायचं तर आम्ही जरा तोऱ्यातच उभे होतो. साखळी पडली, झेंडे लागले, नकाशा उलगडला. आमचं कुंपण उकंडरावांच्या शेतात दोन हात आत होतं. दोन हातांवर चार बोटं अधिक.

सरकार आपली जागा गिळतंय म्हणून आम्ही जानेवारीपासून उपास करत होतो, आणि उकंडरावांची जागा आम्ही कधीपासून दाबून बसलो होतो कोण जाणे. वडिलांचा चेहरा पांढराफटक पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः कुदळ घेऊन कुंपणाशी गेले. मंडळीतले पुरुषही आले, रामराव मास्तरही आले. शेर तोडताना त्याचा चीक डोळ्यांत उडून वडिलांचे डोळे सुजले, तरी ते थांबले नाहीत. उकंडराव दोरी घेऊन उभे होते. नव्या कुंपणाचा प्रत्येक खड्डा ते मापून घेत होते. चार बोटांपैकी एक बोटही त्यांनी सोडलं नाही. एका ठिकाणी खड्डा तसूभर चुकला तर परत खणायला लावला.

दुपारी काम संपलं. वडील पाणावलेल्या लाल डोळ्यांनी त्यांच्यासमोर उभे राहिले.

"उकंडराव, आमचं चुकलं. अकरा वर्षं तुम्ही खरं बोलत होता. तुम्ही त्या दिवशी सही केली असती, तर हे दोन हात, आठ गुंठे, विहीर, सगळं तुमचं झालं असतं. आम्ही तुमच्याशी असं वागलो, तरी का नाही केलीत?"

उकंडराव दोरी गुंडाळत होते. मग त्यांनी दोरी खांद्यावर टाकली.

"इहीर मले पाह्यजेच होती, पाद्रीबुवा. खोटं काऊन बोलू? पन तिच्यासाठी तुमी कधी नव्हतेच असं लिवा लागत होतं. तुमी चोर हाये असं लिवलं असतं तं म्या धा सह्या केल्या असत्या. नव्हतेच असं कसं लिवू? मानूस होता म्हनून तं भांडलो."